वन्सं, तिसरा गिअर पुन्हा सुटला

तीर्थस्वरूप वन्सं यांना,

तुमच्या भावजयीचा नमस्कार. हात आधी साबणाने, मग रॉकेलने आणि मग पुन्हा साबणाने धुऊन पत्राला बसले आहे, तरी पानाच्या कोपऱ्यात अंगठा उमटलाच. त्याला सही समजा. आम्ही तिघंही इकडे ठीक आहोत. तिघं म्हणजे मी, तुमचे बंधुराज आणि जेवणाच्या टेबलावर पोट उघडं टाकून पडलेला गिअरबॉक्स. त्यातल्या त्यात गिअरबॉक्सचीच तब्येत जरा नाजूक आहे, आणि त्याच्यामुळे माझी. बंधुराज नेहमीसारखे शांत आहेत.

तुमच्या गुडघ्यांचं कसं आहे? जिना चढताना उजव्यातून करकर ऐकू येते असं म्हणाला होतात. मी काही डॉक्टर नाही, पण माझ्या धंद्यातला अनुभव असा की आवाज करणाऱ्या सांध्याची फार काळजी करू नये. रेसच्या गिअरबॉक्सची चाकं तर सरळ दात्यांची असतात, ती चालू असताना सतत हूंऽऽ असा सूर लावतात, आणि तो सूर लागला की मला बरं वाटतं. काल करकरत होता आणि आज एकाएकी गप्प झाला, अशा सांध्याला घाबरावं. तेव्हा करकर चालू आहे तोवर निश्चिंत असा, फक्त थंडीत तेल चोळत जा. (घरातलं साधं तेल. गिअरचं नको. मी स्वतःच्या कोपरावर लावून पाहिलं आहे, वास आठवडाभर जात नाही आणि हे जेवताना खिडकीकडे तोंड करून बसतात.)

एवढं लांब पत्र कशाला, फोन का नाही केलास, असं तुम्ही म्हणालच. एक तर फोनवर मला मुद्द्यावर येता येत नाही. (पत्रातही येत नाही, पण पत्रात समोरचं माणूस जांभई देतं ते ऐकू येत नाही.) दुसरं असं की ह्या घरात फोनवर खासगी बोलायची सोय नाही. तुमचे बंधुराज पाठीमागे कधी येऊन उभे राहतात ते समजतच नाही. मी मागे वळते तर हे हातात पाण्याचा पेला घेऊन उभे, आणि वर मलाच विचारतात, दचकलीस का.

मागच्या खेपेला आलात तेव्हा तुम्ही विचारलं होतंत, रेसच्या गाडीत तू नेमकं करतेस तरी काय. मी ऐटीत 'गिअरबॉक्स बघते' म्हणाले. त्यावर नुसतं बघण्याचा पगार देतात का, असं तुम्ही विचारलंत आणि मला राग आला होता. आता वाटतं, नुसता बघितलाच असता तर बरं झालं असतं. माहेरी वडिलांच्या दुकानात शिलाई-मशिनं दुरुस्त करता करता मी मोठी झाले. पोरीचा हात हलका आहे, नजर बारीक आहे, असं सगळे म्हणायचे, आणि माझ्याविषयी कुणी चांगलं बोललं की ते मला लगेच पटतं. तेवढ्या भांडवलावर हा उद्योग मी अंगावर घेतला.

ह्या गिअरबॉक्सला सिक्वेन्शियल म्हणतात, म्हणजे ओळीने जाणारा. दांडी मागे ओढली की एक गिअर वर, पुढे ढकलली की एक गिअर खाली. मधली पायरी गाळायची सोय नाही. माझ्या माहेरी आजोबांना काही विचारायचं तर आधी काकूच्या कानावर घालायचं, काकू आईला सांगणार, आई आजीला, आणि आजी आजोबांना. एकदम आजोबांपुढे जाऊन उभं राहिलं तर उत्तर मिळत नसे. हा गिअरबॉक्स त्याच वळणाचा आहे. (हे पत्रही त्याच चालीने चाललं आहे. सध्या दुसऱ्यात आहे. धीर धरा.)

साध्या गाडीत गिअर बदलताना आत एक पितळी कडी मध्यस्थी करते. लग्नाच्या बोलणीत एखादा समजूतदार मामा असतो ना, एकाला म्हणतो तुम्ही जरा सबुरीने घ्या, दुसऱ्याला म्हणतो तुम्ही जरा लवकर कळवा, आणि दोघांचा वेग जुळला की मग हातात हात देतो. रेसच्या गिअरबॉक्समध्ये हा मामाच नाही. एका चाकाच्या अंगावर जाड खुंट्या असतात, शेजारच्या कड्याला तशाच खाचा, आणि दोघं गरगर फिरत असताना एका फटक्यात एकमेकांत अडकायचं. ह्या खुंट्यांना आमच्यात डॉग म्हणतात. का म्हणतात विचारू नका, चावतात म्हणून असेल. फटका नीट बसला तर खुंटी खाचेत जाऊन बसते आणि सोडत नाही. अर्धवट बसला तर खुंट्या कडेकडेने घासत राहतात, त्यांचे कोपरे गोल होतात, आणि गोल कोपऱ्याची खुंटी जोर आला की निसटते. त्याला गिअर सुटणं म्हणतात. माझं सगळं काम म्हणजे हे सुटणं होऊ न देणं.

त्यासाठी प्रत्येक शर्यतीनंतर मी ऑइल काढते. तळाच्या बोल्टला लोहचुंबक असतो, त्याच्यावर राखेसारखी पूड दिसली तर हरकत नाही, पण नखाच्या कोरीएवढा तुकडा दिसला तर समजायचं की आत काहीतरी बिनसलं. मग ऑइल पांढऱ्या कापडातून गाळायचं, गिअरबॉक्स उघडायचा, चाकं पुसून त्याच कापडावर ओळीने मांडायची, काट्यांची झीज मोजायची (काटे म्हणजे कड्यांना इकडून तिकडे सरकवणारे दोन बोटांचे हात), आणि सगळं पुन्हा जागच्या जागी बसवायचं. बसवताना प्रत्येक चाकाचे दाते मोजायचे. तिसऱ्या आणि चौथ्या गिअरची चाकं जुळ्या बहिणींसारखी दिसतात, दोन-तीन दात्यांचा काय तो फरक. दाते मोजल्याशिवाय चाक बसवू नये, हा नियम माझाच. मोठ्या अक्षरांत लिहून वर्कशॉपच्या भिंतीवर मीच चिकटवला आहे. तो तुम्ही लक्षात ठेवा, मी ठेवला नाही.

गाडी चालवतात तुमचे बंधुराज, पण ती आमची नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. गाडी मालकांची, आणि मालकांचा धंदा नळांचा. गाडीच्या दोन्ही दारांवर चकचकीत नळ रंगवला आहे आणि खाली लिहिलं आहे, 'एक थेंबही गळणार नाही'. मी पहिल्यांदा गिअरबॉक्स बसवला तेव्हा नेमकं त्या अक्षरांखाली जमिनीवर ऑइलचं थारोळं झालं होतं, आणि फोटो काढणाऱ्याने दोन्ही एकाच फोटोत घेतलं. मालक भले म्हणून बोलले नाहीत. फोटो मात्र त्यांच्या दुकानात अजून आहे, गल्ल्याच्या मागच्या भिंतीवर, कामगारांना धडा म्हणून.

तर ह्या मोसमातल्या दुसऱ्या शर्यतीत, लांब उजव्या वळणावर, हे तिसऱ्यात असताना गिअर सुटला. म्हणजे दांडी तिसऱ्यावर, समोर आकडा तिसऱ्याचा, आणि आत कुणी कुणाला धरलेलंच नाही. इंजिन मोकळं सुटून किंचाळलं, गाडी मात्र काहीतरी आठवत असल्यासारखी रेंगाळली, आणि मागच्या सगळ्या गाड्या भराभरा पुढे गेल्या. हे वळणावर फार सुरेख जातात हो. आमचे इंजिनवाले, जे कुणाचं कौतुक करताना दिसले तर मी डॉक्टरला बोलावीन, तेसुद्धा म्हणतात की वळणावर ह्यांच्यासारखा हात पाहिला नाही. एवढा चांगला चालवणारा आणि गाडी अशी रेंगाळलेली, म्हटल्यावर सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. इंजिनवाले पाना पुसत म्हणाले, "वहिनी, तुमचा डबा सांडला."

मी घरी येऊन डबा उघडला. तिसऱ्याच्या खुंट्या चघळलेल्या गोळीसारख्या गोल झालेल्या. असं व्हायची कारणं ठरलेली असतात. काटे झिजलेले, नाही तर चाकांमधलं अंतर चुकलेलं, नाही तर बेअरिंग ढिलं. (चौथंही एक कारण असतं, ते मी तेव्हा मनातसुद्धा आणलं नाही.) ही तिन्ही कारणं थेट माझ्या हातावर येऊन थांबतात. मला त्याचं विशेष वाटलं नाही. चूक शोधायची वेळ आली की मी आधी आरशात बघते. ती तिथे लगेच सापडते आणि पुढची पायपीट वाचते.

नव्या खुंट्यांचं चाक घातलं, काटे बदलले, पुढच्या शर्यतीत तिसरा पुन्हा सुटला. अंतर पातळ चकत्या घालून पुन्हा जमवलं, तिसरा पुन्हा सुटला. राहता राहिलं बेअरिंग. ते बसवायची एक रीत आहे. गिअरबॉक्सचं अ‍ॅल्युमिनियमचं कवच तापवायचं म्हणजे ते किंचित फुगतं, बेअरिंग गार करायचं म्हणजे ते किंचित आक्रसतं, आणि मग ते अलगद आत जातं, ठोकाठोक लागत नाही. वर्कशॉपची भट्टी बिघडली होती, म्हणून मी कवच घरी आणून आपल्या ओव्हनमध्ये ठेवलं आणि बेअरिंग फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात, मटारच्या पिशवीखाली. सगळं मुहूर्त काढल्यासारखं जमून आलं होतं. कवच बाहेर काढलं, बेअरिंग हातात घेतलं, आणि दारावरची घंटा वाजली. मालक आणि त्यांच्या सौभाग्यवती, सहज, ह्या बाजूला आलो होतो म्हणून. मी 'या, बसा' म्हणेपर्यंत इकडे कवच निवलं, तिकडे बेअरिंग तापलं, आणि घाईघाईने ठेवलेलं ते तिरकं होऊन अर्ध्यात अडकून बसलं. ते ना आत जाईना, ना बाहेर येईना. पाहुण्यांचंही तेच झालं, कारण बैठकीच्या वाटेवर मी ऑइलचं घमेलं ठेवलं होतं.

मग मी त्यांना सकाळीच भाजलेला केक दिला. त्या ओव्हनमध्ये आदल्या दिवशी ह्याच कवचाची रंगीत तालीम झाली होती, हे माझ्या ध्यानातच राहिलं नाही. सौभाग्यवतींनी एक तुकडा खाऊन हल्ली गोड वर्ज्य असल्याचं सांगितलं. मालकांनी मात्र बराच वेळ चावला आणि विचारपूर्वक म्हणाले की वास ओळखीचा वाटतोय, पण कुठला ते आठवत नाही. हे बिचारे तीन तुकडे खाऊन गेले. ह्यांचं असंच आहे, कुणाचं मन दुखवणं ह्यांना जमत नाही, केकचंसुद्धा.

ह्याच्यापुढचा पराक्रम ऐकायला जरा टेकून बसा. बेअरिंग अखेर बसलं. संध्याकाळी मी सगळी चाकं पुसून टेबलावर पांढऱ्या कापडावर ओळीने मांडली, जेवणं त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला उरकली, आणि सकाळी ताज्या डोळ्यांनी गिअरबॉक्स बांधला. दाते मोजले का, असं विचाराल तर नाही मोजले. ओळ मीच लावली होती, आणि एवढाही भरवसा स्वतःच्या हातावर नसेल तर माणसाने करावं तरी काय. चाकं मी चेहऱ्यावरून ओळखते, असं मी त्याच सकाळी इंजिनवाल्यांना सांगितलंही होतं. त्यांनी ते नीट ऐकून ठेवलं.

सरावाला गाडी निघाली. पहिला छान, दुसरा छान. ह्यांनी तिसऱ्यासाठी दांडी ओढली आणि गाडीचा दमच गेला, कारण तिसऱ्याच्या जागी चौथा येऊन बसला होता. पुढच्यात सुधारेल अशा आशेने ह्यांनी पुन्हा ओढली, तर आला तिसरा, आणि इंजिन असं काही ओरडलं की शेजारच्या संघातले लोक हातातला चहा ठेवून बाहेर आले. इंजिनवाल्यांनी छातीला हात लावला. त्यांचं इंजिन वाचलं, पण ते वाचलं आहे ह्याची खात्री करायला ते सबंध उघडावं लागलं, आणि उघडताना ते प्रत्येक बोल्टमागे माझ्याकडे एकदा बघत होते. हे गाडीतून उतरले, हेल्मेट काढलं आणि अगदी हलक्या आवाजात मला म्हणाले की बहुतेक तिसरा नि चौथा एकमेकांच्या जागी बसलेत, होतं असं, वाईट वाटून घेऊ नकोस. मी वाईट वाटून घेतलं. चेहऱ्यावरून ओळखणारीला चेहरा लपवायला जागा नव्हती, म्हणून टायरांच्या गठ्ठ्यामागे जाऊन उभी राहिले. तिथे इंजिनवाले आले आणि म्हणाले, वहिनी, जुळ्या बहिणींची आई तरी ओळखते हो. त्यांचं म्हणणं खरं होतं.

चाकं अदलाबदल करून, दाते मोजून (आता मी रस्त्यात दिसणाऱ्या सायकलींचेही मोजते) गिअरबॉक्स पुन्हा बांधला. त्यानंतर दोन दिवस सराव झाला. मी एकदा ह्यांच्या शेजारच्या सीटवर बसून चक्करही मारली, त्याबद्दल खाली लिहीन. आणि सरावानंतर उघडून बघते तर तिसऱ्याच्या नव्याकोऱ्या खुंट्यांचे कोपरे पुन्हा गोल व्हायला लागलेले.

तेव्हा मालकांनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं. खोली म्हणजे वर्कशॉपच्या मागची काचेची पेटी, तिथे बसलेलं माणूस सगळ्यांना दिसतं आणि काय बोलतं ते कुणाला कळत नाही, त्यामुळे बाहेरचे आपापलं धरून चालतात. टेबलावर मोडक्या नळांचे नमुने होते. मालकांनी मला बसायला सांगितलं, एक तोटी हातात फिरवत राहिले आणि मग विचारलं, "खरं सांगा, खोट तुमच्या हातात आहे की त्यांच्या?"

काचेतून मला मालकांचा भाचा दिसत होता. हा भाचा ह्या मोसमाच्या सुरुवातीपासून ह्यांच्या जागेवर डोळा ठेवून आहे, हेल्मेट घेऊनच हिंडतो, आणि हे पाणी प्यायला उठले तरी गाडीशेजारी येऊन उभा राहतो. मी मालकांना म्हणाले, "माझ्या."

त्यांनी मान हलवली. त्यांना ते पटायला काहीच अडचण पडली नाही, थारोळ्यापासून जुळ्यांपर्यंत पुरावा भरपूर होता. शेवटची शर्यत येत्या रविवारी आहे. तीत तिसरा टिकला तर ठीक. सुटला तर गिअरबॉक्स इंजिनवाल्यांच्या ताब्यात जाणार आणि मी टायरांमधली हवा मोजणार. हवा मोजणं हे वाईट काम नव्हे. पण वन्सं, मला हा डबा आवडतो हो. सगळं जुळून आलं आणि हाताने आस फिरवून बघितला की आतून एक टक् येतो, दुसरा टक्, तिसरा टक्, आणि मला वाटतं की आपल्याला काहीतरी येतं. असं वाटायचे प्रसंग माझ्या वाट्याला फार येत नाहीत. तो गेला तर मला वाईट वाटेल, हे तुम्हाला सांगते, इथे कुणाला सांगितलेलं नाही.

असो. तुम्हाला काळजी लावण्यासारखं ह्यात काही नाही. जिन्याच्या कठड्याला धरून चढत जा, तिकडच्या धाकट्यांना माझा आशीर्वाद सांगा आणि थोरल्यांना हात न लावता नमस्कार.

तुमची,
अंगठ्यावरून ओळखावी अशी भावजय

ता.क. वर जे 'पांढरं कापड' म्हटलं आहे ते म्हणजे लग्नात तुम्ही स्वतः भरतकाम करून दिलेला टेबलक्लॉथ. मागच्या खेपेला तुम्ही तो शोधत होतात आणि मी धुवायला टाकलाय म्हणाले. ते खोटं नव्हतं, तो सदाच धुवायला टाकलेला असतो. त्याचा एक धागा सुटत नाही, ऑइल सुरेख गाळलं जातं. तसाच आणखी एक मिळाला तर बरं होईल. ह्या वेळी भरतकाम नको, फुलांच्या पाकळ्यांत लोखंडाची पूड अडकते. हे पत्र खरं तर ह्याच्यासाठीच होतं.

पुन्हा ता.क. ह्याच्यासाठी नव्हतं. आता सहाव्यात आले आहे, तेव्हा सांगूनच टाकते. शेजारच्या सीटवरून चक्कर मारली म्हणाले ना, ती सीट मालकांच्या गिऱ्हाइकांसाठी बसवलेली आहे. पहिली फेरी मी डोळे मिटून काढली, ती सोडून द्या. दुसऱ्या फेरीत डोळे उघडून ह्यांच्या हाताकडे बघितलं. आम्हा दोघांच्या कानात बोलायची यंत्रं होती. गाडी सरळ रस्त्यावर सुसाट, इंजिन फुटेस्तोवर ओरडतंय, हे दांडीला हात लावतात, आणि माझ्या कानात ह्यांचा आवाज येतो, "हळू." आणि दांडी मागे येते, झोपलेल्या मुलाच्या डोक्याखालून हात काढावा तशी. पुढचा गिअर, पुन्हा "हळू." फेरीभर एकही गिअर त्या शब्दाशिवाय पडला नाही. खुंट्यांची आयुष्यभराची झीज मी शेजारी बसून ऐकली. चौथं कारण म्हणतात ते हे, चालवणाऱ्याचा हात.

खाली उतरल्यावर विचारलं तर ह्यांना पत्ताच नव्हता की आपण काही बोलतो. हातमोजे काढून एकावर एक ठेवले. मग म्हणाले, ताई म्हणायची. मग सांगितलं की बाबा छापखान्यात रात्रपाळीला असायचे आणि दिवसा झोपायचे, आई नव्हती, आणि तुम्ही स्वतः शाळकरी असताना घर सांभाळत होतात. कडीला चिंधी गुंडाळलेली, झाकणांखाली फडकं, आणि ह्यांचा हात दाराला लागला की तुमचं दबक्या आवाजात, हळू, बाबा झोपलेत. एकदा ह्यांच्या हातून दार आपटलं. बाबा रागावले नाहीत, पण त्यांना पुन्हा झोप लागली नाही, कामावर जायच्या वेळेपर्यंत ते खाटेच्या कडेला नुसते बसून राहिले आणि तसेच गेले. ते ह्यांच्या अजून डोळ्यांसमोर आहे. मला हे सारं माहीतच नव्हतं. मी इतकी वर्षं समजत होते की माझा नवरा स्वभावाने मांजर आहे.

मी ह्यांना समजावलं. ह्यांनी मान्य केलं, आणि सरावासाठी घरातलं कपाट आपटून बघायचं ठरवलं. हात उगारला, दार जोरात लोटलं, आणि आवाज व्हायच्या आत ह्यांचाच दुसरा हात मध्ये आला. बोट चेमटलं. पुन्हा केलं, पुन्हा तसंच. आता दोन बोटांना पट्ट्या आहेत आणि कपाटाचा आवाज अजून झालेला नाही. माझं ऐकत नाहीत असं नाही, हे माझं सगळं ऐकतात. हात मात्र तुमचं ऐकतो.

तेव्हा खरी विनंती ही. रविवारच्या आत या. गुडघे नाहीच म्हणाले तर फोन करा, पण मोठ्याने बोला. बाबांना जाऊन वर्षं झाली, आता घरात कुणी झोपलेलं नाही, एवढंच ह्यांना सांगा. ते तुम्हीच सांगू शकता. मालकांशी माझं काय बोलणं झालं ते मात्र बोलू नका. ह्यांना वाटतं की मालकांनी मला फक्त केकची कृती विचारली.

आणखी एक, शेवटचं. एवढं लिहून दुपारी टेबलावरच माझा डोळा लागला होता. जाग आली तर अंगावर शाल, पत्राचे कागद एकावर एक नीट लावलेले (वाचलेले नाहीत, दुसऱ्याचं पत्र वाचू नये हेही तुम्हीच शिकवलेलं), पेनाला टोपण घातलेलं, आणि हाताशी चहा, वर बशी झाकलेली, अजून गरम. कप ठेवायला जागा व्हावी म्हणून ह्यांनी माझी ओळीतली दोन चाकं उचलली होती आणि पुन्हा व्यवस्थित ओळीत ठेवली होती. मी दाते मोजले. तिसऱ्याच्या जागी चौथं होतं आणि चौथ्याच्या जागी तिसरं.

त्या दिवशीही जेवणाच्या वेळी ह्यांनीच ताटांसाठी जागा केली होती, हे आत्ता आठवलं. तरी मोजायचं काम माझंच होतं, म्हणून चूक माझ्याच नावावर राहू दे. मालकांना एकदा सांगितलं ते सांगितलं.

आणि वन्सं, फोन कराल तेव्हा ते फक्त गाडीपुरतं सांगा. घरापुरतं काही सांगू नका. चाकं मी परत अदलाबदल करून ठेवली आहेत, एकेक उचलून, खाली तुमच्या टेबलक्लॉथची दुहेरी घडी घालून, आवाज होऊ न देता. हे आतल्या खोलीत जरा आडवे झाले आहेत.